विल्टचं काय चुकलं?

२० जून २०२१. रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. अमेरिकेत इतक्या उशिरा कुणी कुणाला फोन करत नाही. केलाच तर बातमी वाईट असते. मी धसकून उचलला.

"पाहिलंस?" पलीकडून आवाज आला.

"पाहिलं."

"आमच्याकडे हे आधी एकदा झालंय."

पलीकडे आमचे वर्कशॉपवाले काका होते. मी फिलाडेल्फियात पीएचडी करत होतो, तेव्हा आमच्या विभागाचं वर्कशॉप ते सांभाळायचे. माझ्या प्रबंधातला धातूचा प्रत्येक नमुना त्यांच्या लेथवर नाहीतर मिलिंग मशीनवर तयार झालेला आहे. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मीही मारायचो, पण मनातल्या मनात त्यांचं नाव 'काका'च होतं. तोंडानं बारीकसारीक कुरकुर चालू आणि हातानं काम चोख, अशी माणसं आपल्याकडेही असतात. शहराच्या पश्चिम भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत त्यांचा जन्म गेला. बोलायला विषय एकच, बास्केटबॉल. त्यातही एकच संघ, सेव्हंटीसिक्सर्स. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात निघाला, त्यावरून हे नाव. लाडानं नुसतं 'सिक्सर्स'.

त्या रात्री काय झालं होतं ते आधी सांगतो. प्लेऑफमध्ये दोन संघ एकमेकांशी सात सामने खेळतात, चार जिंकेल तो पुढे. सिक्सर्सची अटलांटाशी तीन-तीन अशी बरोबरी झालेली, सातवा सामना घरच्या मैदानावर. शेवटची साडेतीन मिनिटं उरली आहेत, सिक्सर्स दोन गुणांनी मागे. बेन सिमन्स हा त्यांचा जवळजवळ सात फुटी खेळाडू थेट बास्केटखाली पोचतो. समोर त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका माणूस. हात वर करून चेंडू जाळ्यात टाकायचा, बस्स. आणि हा पठ्ठ्या चेंडू दुसऱ्याला देऊन टाकतो! सामना ९६-१०३ असा गेला. त्या रात्रीपासून फिलाडेल्फियात एकच वाद पेटला: एवढ्या एका चुकीसाठी अख्ख्या हंगामाचं खापर एका माणसावर फोडायचं का? वाद मिटायच्या आत, २०२२ च्या फेब्रुवारीत, सिमन्सची ब्रुकलिनला रवानगी झाली.

काका म्हणाले ते 'आधी एकदा' म्हणजे १९६८ साल. आणि तो माणूस म्हणजे विल्ट चेंबरलेन. मुख्य खेळाडूवर टीका करावी की नाही, करावी तर कशासाठी, हा वाद त्याच्याइतका कुणाच्याच वाट्याला आला नसेल. म्हणून आज त्याची गोष्ट.

विल्ट १९३६ साली फिलाडेल्फियातच जन्मला. उंची सात फूट एक इंच. नुसता उंच नव्हे, धावणारा, उंच उडी मारणारा, दणकट गडी. शाळेत असल्यापासून वर्तमानपत्रं त्याच्या मागावर. १९५९ साली तो आपल्याच गावच्या वॉरियर्स संघातून व्यावसायिक बास्केटबॉल खेळू लागला आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६१-६२ च्या हंगामात त्यानं सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण काढले. आज एखाद्यानं एका सामन्यात ५० काढले तर दुसऱ्या दिवशी बातमी होते, ह्याची ती वर्षभराची सरासरी होती! सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि विल्ट त्या हंगामात सरासरी साडेअठ्ठेचाळीस मिनिटं खेळला. छपाईची चूक नाही. बरोबरी झाली की जादा वेळ खेळवतात, तोही धरलेला आहे. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी त्यानं न्यूयॉर्कविरुद्ध एकट्यानं १०० गुण केले. प्रेक्षक होते ४,१२४. त्या सामन्याचं चित्रीकरण कुणाकडेच नाही. विक्रम मात्र अजून तसाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग टीका कसली? तर त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान विल्टला मिळालाच नाही. तेव्हा हा मान खेळाडूंच्या मतांवर ठरायचा. त्यांनी मतं दिली बोस्टनच्या बिल रसेलला. रसेल गुण काढण्यात विल्टच्या जवळपासही नव्हता. पण तो समोरच्याला गुण काढू द्यायचा नाही, आणि त्याचा संघ जिंकायचा. १३ हंगामांत ११ विजेतेपदं, असा त्याचा हिशेब पुढे झाला. १९६२ च्या प्लेऑफमध्ये विल्टचा संघ बोस्टनकडून सातव्या सामन्यात १०७-१०९ असा शेवटच्या क्षणी हरला. मग सूर लागला: हा स्वतःसाठी खेळतो. सगळे चेंडू हाच मारतो, बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? आकड्यांचा राजा, पण संघाला काय उपयोग?

हे वाचताना ओळखीचं वाटलं ना? मला तर पहिल्यांदा ऐकतानाच वाटलं होतं. जानेवारी १९९९, चेन्नईची पाकिस्तानविरुद्धची कसोटी. मी अकरा-बारा वर्षांचा. जिंकायला २७१ हव्या होत्या, सचिन दुखऱ्या पाठीनं १३६ काढून बाद झाला तेव्हा १७ उरल्या होत्या, हातात तीन गडी होते. त्या तिघांनी मिळून चार धावा काढल्या. बारा धावांनी हरलो. साताऱ्याच्या आमच्या घरात बाबांनी टीव्ही बंद केला, आणि संध्याकाळी कट्ट्यावर जमलेली तमाम मंडळी एकमुखानं म्हणत होती, "सचिन ऐन वेळी कच खातो." उरलेल्या सतरा धावांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी रडत घरी आलो. त्यामुळे वर्कशॉपमध्ये काकांनी विल्टला पहिली शिवी घातली तेव्हा मी तत्काळ विल्टच्या बाजूचा झालो. तोवर मी त्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता!

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ.

वॉरियर्स संघ १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोला गेला, त्याच्याबरोबर विल्टही. जानेवारी १९६५ मध्ये तो परत फिलाडेल्फियात आला, या वेळी सिक्सर्सकडून. त्यांनी त्याच्या बदल्यात तीन खेळाडू आणि दीड लाख डॉलर मोजले. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये पुन्हा बोस्टन, पुन्हा सातवा सामना. विल्टचे ३० गुण, आणि हुकलेले चेंडू पकडण्याचा, म्हणजे रिबाउंडचा, आकडा ३२. निकाल? १०९-११०. एका गुणानं हार.

मग १९६६-६७ चा हंगाम आला. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी विल्टच्या गळी एक गोष्ट उतरवली: तू कमी मार, इतरांना मारू दे. १९६२ साली सामन्यामागे चाळीसच्या आसपास प्रयत्न करणारा विल्ट आता चौदावर आला. गुणांची सरासरी निम्म्याखाली, २४.१. उलट इतरांना गुण मिळवून देणारे पास वाढले. संघ ८१ पैकी ६८ सामने जिंकला, सलग आठ वर्षं विजेता असलेल्या बोस्टनला चार-एक असं हरवलं आणि पुढे अंतिम फेरीही जिंकली. गावात जल्लोष. वर्तमानपत्रं म्हणाली, विल्टला अखेर खेळ कळला.

आणि आता १९६८.

४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी फिलाडेल्फियात सिक्सर्स आणि बोस्टन यांचा पहिला सामना ठरलेला होता. विल्ट आणि रसेल दोघेही कृष्णवर्णीय, त्यांच्या संघांतले कितीतरी सहकारी कृष्णवर्णीय. खेळायचं की नाही यावर बोलणं झालं, आणि अखेर सामना खेळवला गेला. काका तेव्हा दहा वर्षांचे होते. ते सांगतात, घरात आई स्वयंपाकघरात रडत होती, बाहेरच्या खोलीत रेडिओवर सामना चालू होता, आणि वडील रेडिओकडे बघत नुसते बसून होते. गुण किती झाले ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. एरवी ते प्रत्येक गुणाला ओरडायचे.

तो सामना सिक्सर्स हरले, पण पुढचे तीन ओळीनं जिंकले. तीन-एक. आता एकच हवा होता. तोपर्यंत लीगच्या इतिहासात तीन-एक अशा पिछाडीवरून कुणी परत आलं नव्हतं. बोस्टन आलं. पाचवा घेतला, सहावा घेतला, आणि १९ एप्रिलला फिलाडेल्फियातच सातवा सामना १००-९६ असा घेतला. त्या सामन्याच्या दुसऱ्या अर्धात विल्टनं बास्केटवर किती प्रयत्न केले? फक्त दोन.

सामन्यात शंभर गुण करणारा माणूस, आणि दोन प्रयत्न! शहर खवळलं. पळपुटा, कच खाणारा, आळशी, काय काय नावं ठेवली. काकांच्या वडिलांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "यानं आपल्याला विकलं." विल्ट त्यांच्याच भागातल्या शाळेत शिकलेला. तो आपला आहे, आपलं नाव काढतोय, ही त्या घराची त्या दोन आठवड्यांतली एकुलती एक चांगली गोष्ट होती. वडिलांनी पुढे आयुष्यभर विल्टचं नाव घेतलं नाही. काकांनी घेतलं, पण शिवीसकट.

उन्हाळ्यात विल्टला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं. पुढल्याच वर्षी, ५ मे १९६९ ला, लॉस एंजेलिसमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना, आणि समोर पुन्हा तेच बोस्टन. लेकर्सच्या मालकानं जिंकल्यावर सोडायचे फुगे आधीच छताला बांधून ठेवले होते! शेवटच्या पाचसहा मिनिटांत विल्टचा गुडघा दुखावला, तो बाहेर गेला. थोड्या वेळानं त्यानं आत पाठवा म्हटलं, तर प्रशिक्षकानं नाही म्हटलं. बोस्टन जिंकलं १०८-१०६. फुगे छतालाच राहिले. काही दिवसांनी, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा रसेल, जो विल्टचा चांगला मित्र होता, जाहीरपणे बोलला की अशा सामन्यात विल्टनं बाहेर जायलाच नको होतं. त्या वाक्यानं दोघांची मैत्री वीसेक वर्षं तुटली. पुढच्याच हंगामाच्या सुरुवातीला विल्टच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि त्याला बरेच महिने बाहेर बसावं लागलं.

हा सगळा इतिहास वर्कशॉपमध्ये वर्षभर हप्त्याहप्त्यानं ऐकल्यावर मी काकांशी वाद घालायला सज्ज झालो. माझा मुद्दा सोपा होता. १९६२ साली विल्ट खूप मारायचा, संघ हरला, तुम्ही म्हणालात स्वार्थी. १९६७ साली कमी मारू लागला, संघ जिंकला, तुम्ही म्हणालात शहाणा झाला. १९६८ साली त्याच पद्धतीनं कमी मारले, संघ हरला, तर म्हणालात पळपुटा. म्हणजे माणूस तोच, खेळ तोच, फक्त निकाल पाहून तुम्ही नाव बदलता! त्यातून त्या वेळी संघातला बिली कनिंगहॅम मनगट मोडून बाहेर होता, विल्टचे स्वतःचे पाय दुखावलेले होते, इतरांचे नेम चुकत होते आणि चेंडू त्याच्यापर्यंत येत नव्हता.

माझं पीएचडीचं कामच मुळी धातू कसे तुटतात यावर. एखादा भाग तुटला की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो तुटलेला तुकडा. सगळे म्हणतात, हाच खराब होता. पण त्याच्यावर भार कुठून आला, शेजारचा बोल्ट सैल होता का, हे नंतर शोधावं लागतं आणि पुष्कळदा दोष तिथेच निघतो. हेही मी काकांना ऐकवलं.

काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक मळका कागद काढला. १९६८ च्या त्या सातव्या सामन्याचा गुणतक्ता. "सगळं बरोबर," ते म्हणाले. "आता ही ओळ वाच."

विल्ट चेंबरलेन. बास्केटवर प्रयत्न ९, यशस्वी ४. रिबाउंड ३४. फ्री थ्रो १५, यशस्वी ६.

फ्री थ्रो म्हणजे काय ते सांगतो. प्रतिस्पर्ध्यानं तुम्हाला धक्का दिला, हात ओढला, की तुम्हाला पंधरा फुटांवरून मोकळा प्रयत्न मिळतो. समोर कुणी आडवा येत नाही, कुणी ढकलत नाही. तुम्ही, चेंडू आणि दहा फुटांवरचं कडं. गुण एक. यात सहकारी नाहीत, प्रशिक्षक नाही, उंची नाही. विल्टनं त्या सामन्यात असे नऊ घालवले. संघ हरला चारनं. मग काकांनी १९६९ चा कागद काढला: फ्री थ्रो १३, यशस्वी ४. नऊ घालवले. संघ हरला दोननं.

"सगळं गाव त्या दोन शॉटवर भांडलं," काका म्हणाले. "ह्या नऊवर कुणी भांडलं नाही. माझे वडीलही नाही. मीही नाही, चाळीस वर्षं."

आणि यातली खरी ठसठसणारी गोष्ट पुढेच आहे. विल्टला फ्री थ्रो मारता येत नव्हते असं नाही. १९६१-६२ साली, त्या पन्नास सरासरीच्या हंगामात, तो दोन्ही हातांत चेंडू धरून, गुडघ्यांमधून झुलवून, खालून वर टाकायचा. त्या वर्षी त्याचे ६१.३ टक्के फ्री थ्रो आत गेले. शंभर गुणांच्या रात्री तर ३२ पैकी २८! यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं ही पद्धत उत्तम. दोन्ही हात सारखे हलतात, त्यामुळे चेंडू डावीउजवीकडे भरकटत नाही. उलट्या फिरकीमुळे कड्यावर आपटला तरी हळूच आत घरंगळतो. रिक बॅरी नावाचा त्याच काळातला खेळाडू जन्मभर असाच टाकत राहिला आणि त्याचे जवळजवळ नव्वद टक्के आत जायचे. पण अमेरिकेत या पद्धतीला म्हणतात 'आजीबाईचा शॉट'. लहान मुलं आणि म्हाताऱ्या बायका असं टाकतात. सात फुटी दणकट विल्टला त्याची लाज वाटू लागली. त्यानं ती पद्धत सोडली. १९६७-६८ मध्ये त्याचं प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. आपण बावळट दिसतो म्हणून सोडलं, आणि ते चुकलं, अशी कबुली त्यानं पुढे आत्मचरित्रात दिली.

मी इंजिनिअर, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवेना. ६१ टक्क्यांनी १५ पैकी ९ आत गेले असते, म्हणजे तीन जास्त. १९६८ चा सामना तरीही एका गुणानं गेला असता. १९६९ मध्ये मात्र १३ पैकी ८, म्हणजे चार जास्त. तो सामना जिंकला असता. अर्थात एक गुण बदलला की पुढचा सगळा खेळ बदलतो, हेही खरं. हा हिशेब पुरावा नव्हे. पण एक गोष्ट तो नक्की दाखवतो. सहकारी काय करतात, प्रशिक्षक काय म्हणतो, समोर कोण आहे, हे विल्टच्या हातात नव्हतं. फ्री थ्रो खालून टाकायचा की वरून, हे पूर्णपणे त्याच्या हातात होतं. टीका करायचीच तर ती इथे करायला हवी होती. आणि नेमकी इथेच ती करायची आपल्याला लाज वाटायला हवी, कारण त्यानं ती पद्धत सोडली कुणाला भिऊन? हसणाऱ्या लोकांना. म्हणजे आपल्यालाच.

'स्वार्थी' आणि 'पळपुटा' म्हणायला काही लागत नाही. निकाल माहीत असला की पुरे. गुणतक्त्यातली चवथ्या रकान्यातली ओळ वाचायला थोडे कष्ट पडतात. त्यात गोष्ट रंगत नाही, कुणी खलनायक होत नाही. म्हणून कट्ट्यावर तिची चर्चा होत नाही, साताऱ्यातही नाही आणि फिलाडेल्फियातही नाही.

विल्टला दुसरं विजेतेपद १९७२ साली लेकर्सकडून मिळालं, तेही मोडलेल्या हातानं खेळून. त्या हंगामात ते सलग ३३ सामने जिंकले होते. रसेलनं पुढे त्याची माफी मागितली, दोघं पुन्हा मित्र झाले. १९९९ च्या ऑक्टोबरात विल्ट गेला, तेव्हा त्याच्या स्मरणसभेत रसेल बोलला. २००४ साली फिलाडेल्फियानं त्याचा पुतळा उभारला. नावं ठेवणाऱ्यांतले पुष्कळ जण त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते, असं काका म्हणतात. स्वतः काका कधी गेले की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे वडील तोवर राहिले नव्हते.

तर त्या रात्री फोनवर मी विचारलं, "मग आता सिमन्सला शिव्या घालायच्या की नाही?"

"तू त्याचा फ्री थ्रोचा आकडा पाहिलास?" काकांनी विचारलं. मी पाहिला होता. त्या प्लेऑफमध्ये ७३ पैकी २५. म्हणजे ३४ टक्के. असा माणूस बास्केटखाली चेंडू का देऊन टाकतो? आपल्याला कुणी धक्का दिला आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभं राहावं लागलं तर, ही भीती. सगळं गाव त्या एका पासवर भांडत होतं.

"माझा नातू शाळेच्या संघात खेळतो," काका म्हणाले. "त्याचेही फ्री थ्रो जात नाहीत. मी त्याला म्हटलं, खालून टाक. अंगणात करून दाखवलं. दहातले आठ गेले त्याचे."

"मग?"

"मग काय. म्हणतो, शाळेत नाही टाकणार. पोरं हसतात."